नेट गेलं आणि माझं मौन राहिलं

आमच्या घरातलं नेट बंद पडलं तेव्हा मी मौनात होते, हे आधीच सांगून टाकते. नाहीतर पुढचं सगळं वाचून तुम्ही म्हणाल, "बाई गं, तुला तोंड नव्हतं का?" होतं. पण ते बंद होतं, आणि ते उघडायची किल्ली त्या बंद पडलेल्या नेटमध्येच अडकली होती.

माझा नेम असा. सकाळी उठल्यापासून पोथीचं एक पान मोठ्याने वाचून होईपर्यंत मी बोलत नाही. दिवसाचा पहिला शब्द देवाचा, मग बाकीचे. बाकीचे शब्द कसले असतात ते कुठल्याही गृहिणीला विचारा; म्हणून निदान पहिला तरी बरा असावा. मौनात लिहायचंही नाही, कारण लिहिणं म्हणजे हाताने बोलणं, असं माझ्या सासूबाईंचं मत होतं. खुणांना मात्र त्यांनी सूट दिली होती. एकदा त्यांच्याच मौनात दूध उतू गेलं, तेव्हापासून.

हे पान मी एकटी वाचत नाही. दुसऱ्या गावी माझी थोरली बहीण असते, ताई. तिला कानांनी जवळजवळ काहीच ऐकू येत नाही, पण समोरच्याच्या ओठांवरून सगळं कळतं; आपल्याला नको असतं तेही कळतं. आठ वाजता मी कॉम्प्युटरसमोर बसते, पडद्यावर ताई येते, मी वाचते आणि ती तिच्या पोथीतल्या ओळींवर बोट ठेवून माझे ओठ बघते. "पोथी आपल्याच डोळ्यांनी वाचायची नसते गं, कुणाच्या तरी तोंडून ऐकायची असते," असं ती म्हणते. वाचन झालं की ती जेवते आणि साखरेच्या आजाराची गोळी घेते. तोवर पाण्याशिवाय काही नाही. हा तिचा नेम.

शिवाय आम्हा दोघींचा मिळून एक करार आहे: वाचनाआधी मी बोलले, तर त्या दिवशी ताईने जेवायचं नाही. लहानपणी मला बडबडीची फार खोड होती. ताई म्हणाली, "तुला उपाशी ठेवून तू सुधारायची नाहीस. मला ठेवशील तेव्हा सुधारशील." करार करणारी माणसं म्हातारी झाली तरी करार काही म्हातारा होत नाही. तेव्हा हिशेब सरळ होता. नेट बंद, तर ताई उपाशी. मी बोलले, तरी ताई उपाशी. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, साखरेच्या गोळीसकट.

आता आमच्या ह्यांच्याबद्दल. हे आयुष्यभर पाणीपुरवठा कार्यालयात होते. नळजोडणीचे अर्ज तपासायचे, त्यावर त्रुटी काढायच्या आणि ते परत पाठवायचे, यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. त्यामुळे जगात जे जे कशातून तरी वाहत येतं, ते सगळं त्यांच्या खात्यात मोडतं. नेट हळू चाललं की हे म्हणतात, "दाब कमी आहे. वरचे उपसा करत असतील." बिनवायरच्या नेटवर त्यांचा विश्वास नाही. "पाइप नाही आणि पाणी येतं म्हणे! सांडत असणार कुठंतरी." म्हणून आमचा कॉम्प्युटर जुना, टेबलाखाली ठेवलेला, आणि भिंतीवरच्या राउटरपासून त्याच्या पाठीपर्यंत अंगठ्याएवढ्या पिनेची एक करडी केबल.

त्या पिनेला एक प्लॅस्टिकची जीभ असते. ती आत अडकली की पिन घट्ट बसते. आमची ती जीभ कपाट सरकवताना मोडली होती. तेव्हापासून रोज सकाळी टेबलाखालची फरशी पुसताना ओल्या फडक्याचा धक्का लागून पिन जरा बाहेर यायची, आणि पुसून झालं की मी ती अंगठ्याने आत दाबायची. टक् असा आवाज यायचा, शेजारचा हिरवा दिवा लागायचा, आणि मी पुढच्या खोलीत जायची. हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. दाराची कडी जरा उचलून लावावी लागते, हे आपण कुणाला सांगत बसतो का? हात शिकतो आणि गप्प राहतो.

तर आदल्या दिवशी जिन्यात माझा गुडघा मुरगळला. सुजून हा एवढा झाला. सकाळी हे म्हणाले, "आज फरशी मी पुसतो. तू हलू नकोस." मला भरून आलं. मौनात भरून आलं तर डोळे पुसण्यापलीकडे काही करता येत नाही, ते केलं.

आठ वाजता दिवा लावून, पोथी घेऊन कॉम्प्युटरसमोर बसते तो काय, पडद्यावर ताई नाही. नेट जोडलेलं नसल्याची पाटी, आणि त्याखाली एक उदास चेहऱ्याचं चित्र. मला क्षणात उमगलं. फरशी पुसली ह्यांनी. अंगठा कोण दाबणार?

मी टेबलाखाली बोट दाखवलं आणि हवेत अंगठा दाबून दाखवला. ह्यांनी नीट बघितलं.

"दाबू?" हे म्हणाले. "अगं, मग आधी नाही का सांगायचं?" आणि खाली बसून माझा गुडघा दाबू लागले.

मी कळवळले, पण निःशब्द. मान हलवली. पुन्हा टेबलाखाली बोट, पुन्हा अंगठा.

"समजलं, समजलं. अंगठा. म्हणजे सगळं ठीक आहे, काळजी करू नका, असंच ना? तुझा हा स्वभावच मला आवडतो." आणि हे निर्धास्त होऊन राउटरकडे वळले.

शेवटी मी स्वतःच खुर्चीवरून उतरू लागले. गुडघ्याने नकार दिला आणि ह्यांनीही. "तू बस. हे तांत्रिक काम आहे." मला दोन्ही खांद्यांना धरून बसवण्यात आलं. सबंध संसारात टेबलाखालच्या फरशीबद्दल ह्यांनी कधी आपला हक्क सांगितला नव्हता. तो नेमका त्या दिवशी सांगितला.

कॉम्प्युटर बंद करून चालू करणं झालं. राउटर बंद करून चालू करणं झालं. "पाइपात हवा धरली असेल," म्हणून सगळं बंद ठेवून थोडं थांबणंही झालं. मग ह्यांनी भाच्याला, म्हणजे ताईच्या मुलाला, फोन लावला. तो कारखान्यात असतो. पाळी सुरू झाली की फोन कुलपात. फाटकावरच्या माणसाने "निरोप ठेवतो" म्हणून सांगितलं, ते अशा आवाजात, की निरोप ठेवलेल्या जागी पडून राहणार हे स्पष्ट होतं. ताईच्या घरी फोन करण्यात अर्थ नव्हता. भाच्याने तिचा कॉम्प्युटर असा लावून दिलाय की फक्त आमच्या कॉम्प्युटरवरून बोलावणं आलं तर तो आपोआप उचलतो. बाकी काहीही वाजलं तरी ते वाजतच राहतं.

मग ह्यांनी नेट कंपनीच्या मदत केंद्राला फोन लावला, आणि मला ऐकू यावं म्हणून स्पीकर चालू केला. बऱ्याच वाद्यसंगीतानंतर एक मुलगी आली.

"जोडणी कुणाच्या नावावर आहे सर?"

"मिसेसच्या." पाण्याचं बिल, विजेचं बिल सगळं ह्यांच्या नावावर होतं; निवृत्तीनंतर आणखी एका ठिकाणी अर्जदार व्हायला ह्यांचा ठाम नकार होता.

"मग त्यांना फोन द्या ना सर. ग्राहकांनी स्वतः नाव सांगितल्याशिवाय तक्रार नोंदवता येत नाही."

"त्या समोरच बसल्यात. पण त्या मौनात आहेत."

"ओके सर. मग त्या कधी बोलतील?"

"नेट सुरू झालं की."

"आणि सर, नेट..."

"ते तुम्ही सुरू करणार."

"हो सर, पण त्या बोलल्या की."

ह्यांच्या चेहऱ्यावर मी जे पाहिलं ते राग नव्हता, आदर होता. असा बिनतोड नियम आपल्या कार्यालयात कुणाला सुचला नाही, याची रुखरुख होती. "बरोबर आहे तुमचं," म्हणून त्यांनी फोन ठेवला.

स्पीकरच्या आवाजाने समोरच्या घरातले विमावाले आले. हे गृहस्थ विमा उतरवतात आणि सल्ला चढवतात. त्यांनी प्रथम माझ्याकडे पाहिलं.

"वहिनी गप्प का? भांडण?"

"मौन आहे तिचं," हे म्हणाले.

"वा! आमच्याकडे असं काही असतं तर!" असं म्हणून ते आपल्या घराचं दार नीट बंद आहे ना ते बघून आले. मग त्यांनी आपल्या मोठ्या फोनवरून ताईला बोलावून पाहिलं. तिकडे ते वाजत राहिलं. "उचलत नाहीत," ते म्हणाले, "वय किती म्हणालात? विमा आहे ना?"

डोळ्यांसमोर ताई आली, पोथी मांडीवर घेऊन काळ्या पडद्यासमोर बसलेली. एकदा जेवण लांबलं होतं तेव्हा स्वयंपाकघरात भोवळ येऊन पडली होती ती. मी उठलेच. हे आणि विमावाले जिन्यातली नेटच्या वायरींची डबी बघायला बाहेर गेले होते. मी टेबलाचा आधार घेत, गुडघा बाजूला सरळ ठेवून, इंच इंच खाली गेले. अंधारात ती करडी पिन दिसली. बाहेर आलेली, दिवा विझलेला. मी अंगठा पुढे केला. अजून चार बोटं राहिली होती, तेवढ्यात...

"वहिनी! विजेचं आहे! हात लावू नका!"

विमावाल्यांनी मला काखेत हात घालून, बुडणाऱ्या माणसाला काढतात तसं काढलं. ह्यांनी पाणी आणलं. मी आभाराची मान हलवली. मनात आलं ते इथं लिहीत नाही. मनातल्या बोलण्याला मौनाचा नियम लागू नाही, एवढंच सांगते.

"वायरच जुनी झालीये," विमावाल्यांनी निदान केलं. "टोक सडलंय. कापून नवीन पिन बसवू. माझ्याकडे पिना आहेत." मी दोन्ही हात हलवले. "बघा, वहिनीसुद्धा म्हणतात, लवकर करा." आणि त्यांनी पकडीने केबलचं टोक कचकन छाटलं. माझी टक् करणारी पिन फरशीवर घरंगळली. आठ वाजता जे काम एका अंगठ्याचं होतं, ते आता दुकानाचं झालं.

केबलच्या आत आठ बारीक रंगीत तारा निघाल्या. त्या कुठल्या क्रमाने लावायच्या यावर दोघांचं एकमत होईना. विमावाल्यांना आठवत होतं की आधी केशरी. ह्यांचं म्हणणं, निळा आधी, कारण नकाशात पाणी निळंच दाखवतात. शेवटी दोघांनी मधला मार्ग म्हणून, दिसायला बरे दिसतील असे रंग लावले. दिसायला खरंच बरे दिसत होते. दिवा लागला नाही.

जेवणाची वेळ झाली. दोघं जेवले, कारण त्यांचा कुठलाच नेम नव्हता. ताई तिकडे उपाशी, मग मला घास कसा जाणार? मी ताट बाजूला सारलं. ह्यांनी आग्रह केला, मी मान हलवली. त्यांनी अंगठा दाखवून विचारलं, "ठीक आहे ना?" त्या खुणेचा मला आता तिटकारा आला होता.

दुपारी हे दुकानात गेले आणि नवी केबल घेऊन आले. आमच्या भिंतीपासून टेबलापर्यंत फार तर चार पावलं. केबल एवढी होती, की गल्लीच्या टोकाला जाऊन परत येईल. "पाइप नेहमी जास्त घ्यावा," हे म्हणाले. "कमी पडला तर जोड येतो, आणि जोड आला की गळती." ती वेटोळी दिवाणखान्यात पसरली. विमावाले त्यांत पाय अडकून दोनदा खुर्चीवर बसले, एकदा खुर्ची नसताना.

नवी केबल लागली. दिवा लागला नाही.

आता मात्र हे खचले. वरच्या मजल्यावरच्यांची सून घरून काम करते. दिवसभर कॉम्प्युटरवरच असते. इतका वेळ तिला बोलावलं नव्हतं, कारण वरचे लोक आपलं पाणी ओढतात असा ह्यांचा जुना वहीम. आता हे स्वतः जिना चढून गेले. ती आली, वेटोळ्यातून वाट काढत टेबलाशी बसली.

"काका, हे तुम्ही काय केलंय? इथं आत नेटच बंद करून ठेवलंय."

"ते मी सकाळीच केलं. दुरुस्तीच्या आधी मुख्य चावी बंद करायची असते."

"मग उघडायची कुणी?"

हे आयुष्यात पहिल्यांदा त्रुटी मान्य केलेल्या अर्जदारासारखे उभे राहिले. तिने ते चालू केलं. पाटी तशीच. तिने वाकून पाहिलं. "मागचा दिवा लागत नाहीये. केबल नीट बसलीये ना?"

"मी स्वतः बसवली," हे म्हणाले.

आणि तेव्हा मला सगळं लख्ख दिसलं. ह्यांनी नळ कधीच घट्ट आवळला नाही. "जोर लावला की आटे जातात," हे वाक्य मी लग्नापासून ऐकते आहे. आमच्या घरातले सगळे नळ त्यामुळे जरा ठिबकतात. नवी पिनही ह्यांनी तशीच बसवली असणार: हळुवार, अर्धी, सभ्यपणे. नवी जीभ होती, पण ती अडकेपर्यंत कुणी ढकललंच नव्हतं.

मी सुनेकडे बघून अंगठा दाखवला. "थँक्यू काकू," ती म्हणाली.

बोलावं का? ओठांवर आलं होतं. एकच शब्द, "दाबा." पण त्या एका शब्दाने ताईचा आजचा दिवस कोरडा जाणार. इतका वेळ सोसल्यावर काठावर येऊन बुडायचं? मी पदर खोचला आणि तिघांच्या देखत फरशीवर पालथी झोपले.

"अहो वहिनी!" विमावाले ओरडले. "चक्कर! चक्कर आली त्यांना!"

"काकू!"

कुणीतरी माझे पाय धरले, बहुतेक विमावाल्यांनीच. मी सरपटत पुढे गेले. माझं वय, माझा गुडघा, माझी समाजातली प्रतिष्ठा, सगळं त्या वेटोळ्यात मागे राहिलं. पुढे फक्त अंगठा होता. हात लांबवला, पिन सापडली, दाबली.

टक्.

हिरवा दिवा लागला. वर कॉम्प्युटरसमोरून सून ओरडली, "आलं! नेट आलं!" आणि विमावाल्यांनी माझे पाय सोडले.

मला बाहेर काढून खुर्चीवर बसवलं. केसांत धूळ, हातात पोथी. सुनेने ताईला बोलावणं लावलं. तिकडचा कॉम्प्युटर आपोआप उघडला आणि पडद्यावर दिसली ती रिकामी खुर्ची. टेबलावर पाण्याचं भांडं. पोथी मिटलेली. ताई नाही.

ह्यांचा हात माझ्या खांद्यावर आला. विमावाल्यांनी तोंड उघडलं आणि, देव त्यांचं भलं करो, मिटलं.

मग खुर्चीमागच्या दारातून ताई आली. हात पुसत, सावकाश, कडेला ठेवलेल्या कुंडीतलं वाळलेलं पान तोडत. पडद्याकडे लक्ष गेल्यावर दचकली. "अगोबाई! आता? या वेळेला? आणि केसांना काय झालंय तुझ्या?"

मला बोलायचं नव्हतं. आधी पान. मी पोथी उघडली आणि वाचायला सुरुवात केली. दिवसाचा पहिला शब्द देवाचा झाला. दोन ओळी झाल्या असतील, ताईने हात वर केला.

"अगं, हे पान सकाळी झालं की. पुढचं वाच."

मी थांबले. पहिल्या दोन ओळींनी मौन सुटलं होतं, असं धरून बोलले. "ताई, सकाळी वायर निघाली होती. मी वाचलंच नाही."

तिने माझे ओठ वाचले आणि कपाळाला आठ्या घातल्या. "वाचलं नाहीस? पण मी तर ऐकलं."

"कसं ऐकलंस? पडदा काळा होता ना?"

"होता. म्हटलं, तिकडे वीज गेली असेल. म्हणून काय तू बसायची राहणार आहेस? आठ वाजले, मी पान उघडलं, बोट ठेवलं. तू कुठं थांबतेस, कुठं श्वास घेतेस, मला काय माहीत नाही? त्या लांब शब्दाला तू अडखळतेस, तिथं मी थांबले सुद्धा तुझ्यासाठी. संपलं, जेवले, गोळी घेतली, झोप काढली. का गं, तू जेवलीस ना?"

मी ह्यांच्याकडे बघितलं. हे छताकडे बघत होते. म्हणजे आठ वाजता मी त्या काळ्या पडद्यासमोर बसून एक पान वाचलं असतं तर माझं मौन तिथंच सुटलं असतं, मी एका वाक्यात पिन सांगितली असती, आणि नाश्त्याच्या आत सगळे आपापल्या कामाला लागले असते. इतकी वर्षं पोथी वाचतेय, आणि ती पोहोचायला वायर लागते असं मला वाटत होतं. कानांनी ऐकू न येणाऱ्या माझ्या बहिणीला मात्र ती वायरीशिवाय पोहोचली होती.

"ती सकाळपासून उपाशी आहे ताई!" हे मधेच पडद्यासमोर येऊन मोठ्याने म्हणाले. ताईशी बोलताना हे नेहमी ओरडतात, उपयोग नाही हे माहीत असून.

"मग आधी जेव," ताई म्हणाली. "ते राहिलेलं पान तुझं तू बघ. माझं झालंय."

मी जेवले. सून गेली. विमावाले केबलचं वेटोळं गुंडाळायला थांबले आणि गुंडाळता गुंडाळता माझ्या गुडघ्याचा विमा किती उपयोगी पडला असता ते सांगत राहिले. आता मी बोलू शकत होते, पण बोलले नाही. काही वेळा सवयच बरी असते.

संध्याकाळी हे हळूच म्हणाले, "तू सकाळपासून तो अंगठा दाखवत होतीस, ते सगळं ठीक आहे असं नव्हतं ना?"

"नव्हतं," मी म्हटलं.

"वाटलंच मला. मधे एकदा शंका आली होती."

दुसऱ्या दिवशी सकाळी उठले, दिवा लावला आणि कॉम्प्युटर सुरू न करताच त्याच्यासमोर बसून राहिलेलं पान वाचून टाकलं. त्या लांब शब्दाला अडखळले, थांबले, पुढे गेले. पान संपलं तेव्हा आठ वाजायला बराच अवकाश होता, आणि माझं मौन सुटलेलं होतं. बादली आणि फडकं घेऊन हे टेबलाकडे निघाले होते. गुडघ्याची सूज पाहून, आजही आपणच, असं त्यांनी ठरवलं होतं.

"अहो," मी म्हटलं, "पुसून झालं की मागची ती पिन अंगठ्याने दाबा. टक् होईपर्यंत. आटे जात नाहीत तिचे."

हे टेबलाखाली गेले. बराच वेळ नुसता पाण्याचा आवाज येत होता. मग टक् झालं, आणि खालून, एखादा अर्ज पहिल्यांदाच त्रुटीशिवाय मंजूर करावा अशा आवाजात, हे म्हणाले, "झालं गं."